एकही भांडं घरी न्यायचं नाही

आमच्या आयटीत दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं तरी सर्टिफिकेट हातात पडतं. मार्गेरिट विल्डनहाइन या बाईंकडे मात्र अख्खा उन्हाळा चाक फिरवून विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी जायचे!

बाई मूळच्या बाउहाउसच्या. ही कलाशाळा १९१९ साली जर्मनीत वायमारला निघाली. तिची कुंभारकामाची कार्यशाळा होती डॉर्नबुर्ग या लहान गावात. गंमत म्हणजे तिथे शिक्षक दोन. आकार शिकवायला शिल्पकार गेरहार्ड मार्क्स, आणि हात बसवायला पिढीजात कुंभार माक्स क्रेहान. बाई तिथे शिकल्या, पुढे हाल्ले शहरातल्या कलाशाळेत स्वतः शिकवू लागल्या. १९३३ मध्ये नाझी आले. ज्यू म्हणून बाईंची नोकरी गेली. मग नवऱ्याबरोबर हॉलंडमध्ये नवं बस्तान बसवलं. १९४० मध्ये तेही सोडून अमेरिका गाठावी लागली, तीसुद्धा एकटीने.

कॅलिफोर्नियातल्या पाँड फार्मवर त्यांनी १९८० पर्यंत उन्हाळी वर्ग घेतले. पहिला धडा काय, तर कुत्र्याला खायला घालायचं भांडं! दिसायला साधं, पण तळ, भिंत, काठ सगळं त्यात आलं. ते जमलं की पुढचा आकार. केलेली भांडी ठेवायची नाहीत, माती परत मळायला घ्यायची.

मला यात विक्षिप्तपणा दिसत नाही. दोनदा सगळं मागे टाकून निघालेल्या बाईंबरोबर शेवटी हातातली विद्याच आली होती. कंपनी सोडताना आपला कोडही तिथेच राहतो की. मग मंडळी, गेल्या नोकरीतून तुम्ही बरोबर काय आणलंत?