पद्मिनीची बॅटरी रात्रीत जाते कुठे?

आमच्या घरी रोज रात्री एक विधी व्हायचा. जेवण झालं की बाबा दहा नंबरचा पाना घेऊन खाली जायचे, प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडायचे आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवायचे. विसरले, तर तिसऱ्या दिवशी चावी फिरवल्यावर गाडी नुसती ‘टक’ करायची. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. गॅरेजवाल्याचं निदान एकच, ‘गाडी जुनी झाली.’ आईचं म्हणणं, भंगारात द्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि एप्रिल २०२२मध्ये त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. आमची तारीख जवळ आली होती.

“बाबा, एक रविवार द्या मला,” मी म्हटलं.

“तू कॉम्प्युटरवाला. गाडी रिस्टार्ट करून नीट होत नाही.”

रविवार दिला मात्र.

ही गाडी आहे १९९४ची, एमएच-०४ पासिंगची. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा झाला २०१४ला. पण गाडीची कुळकथा त्याहून जुनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७पासून क्रायसलरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. मग फियाट आली. १९६४च्या सुमाराची फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव राणीचं, बांधा इटालियन, इंजिन १०८९ सीसी. पत्र्याचा आकार जवळजवळ तोच राहिला, पण आतली वीज बदलली. आणि माझा आजार नेमका त्या बदलात लपला होता.

आधी मी चुकलो. वसईचा खारा वारा आणि पावसाळा यांनी गाडीच्या प्रत्येक जोडावर हिरवी पूड धरली होती. गुन्हेगार तोच समजून सकाळचे दोन तास सॅंडपेपर घासला. हेडलाइट चांगले उजळले, पण गळती तशीच. गंजलेला जोड वीज अडवतो, शक्यतो पीत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग मल्टीमीटर दहा अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडला. दारं बंद, चावी काढलेली. (मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटर जळेल.) आकडा आला ०.३८. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे साधारण ९२ तासांत पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. तिसऱ्या दिवसाचं कोडं सुटलं.

कोडमध्ये बग सापडत नसला की आम्ही निम्मे बदल बाजूला करून बघतो. इथे फ्यूज होते. पण त्याआधी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि तिथेच रमलो. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चच्या भिंतींजवळ १७३९नंतरचं मराठ्यांचं देऊळ दिसतं, तसे इथे वायरींचे थर होते. सगळ्यात आत कारखान्याची वायर. तिच्यावर कॅसेट प्लेअरची. मग रिव्हर्स घेताना गाणं वाजवणाऱ्या डबीची. डबी गेली, वायर राहिली. शेवटी मोबाइल चार्जर. प्रत्येक जोडावर वेगळ्या रंगाची टेप. संशय अर्थातच यांच्यावरच.

निम्मे फ्यूज काढले, ०.३८. उरलेले काढले, ०.३६. म्हणजे प्लेअर बिचारा ०.०२ पीत होता, बाकी चोर फ्यूजच्या अलीकडेच. या गाड्यांत चार्जिंगच्या जाड वायरीला फ्यूजच नाही. मी बॅटरीची केबल सोडवली, अल्टरनेटरची वायर काढून टेप गुंडाळली, मीटर पुन्हा लावला. शून्य.

जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असे. इंजिन थांबलं की बॅटरीतली वीज त्यात उलटी जाऊ नये म्हणून एक कटआउट रिले असे. खट्‌ आवाज करून तो वाट तोडायचा. अल्टरनेटरमध्ये ते काम सिलिकॉनचे डायोड करतात, आवाज न करता. अमेरिकेत क्रायसलरने १९६०च्या व्हॅलियंटमध्ये हे आणलं. हो, तीच क्रायसलर, जिच्या गाड्या कुर्ल्यात जुळवल्या जायच्या. डायोड ही एका दिशेने उघडणारी झडप. आमच्या गाडीतल्या झडपा रात्रभर दुसरीकडूनही गळत होत्या, आणि नवी बॅटरी कितीही आणली तरी त्या गळणारच होत्या.

नालासोपाऱ्याच्या एका वायरमनकाकांनी अल्टरनेटर उघडून डायोड प्लेट बदलली. “हे रिले असतं तर बोटाने कळलं असतं,” काका म्हणाले. कुर्ल्याहून पद्मिनी बाहेर पडणं २०००च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. काकांकडे आता पद्मिनी क्वचितच येते.

परवा गाडी सहा दिवस उभी होती. पहिल्याच चावीला सुरू झाली. आईने भंगारवाल्याचा नंबर अजून ठेवलाय. बाबा जेवल्यावर अजूनही पाना घेऊन खाली जातात.

“बाबा, आता गरज नाही,” मी म्हटलं.

“माहितीये,” ते म्हणाले, आणि गेले.