आगींतून वांचलेली विद्या

नवी वस्तु जळाली तर दुसरी विकत मिळते; जुनी जळाली म्हणजे ती कायमची गेली, असें आपण समजतों. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहण्यासाठीं इंग्लंडमधील एका संग्रहाची हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

बर्मिंगहॅम शहराजवळ बिकनहिल येथें १९८४ च्या ऑक्टोबरांत राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालय उघडलें. रॉय रिचर्ड्स या गृहस्थांनीं तें उभारलें आणि त्यांत केवळ ब्रिटिश बनावटीच्या गाड्या ठेवावयाच्या, असा नेम केला. जागाहि साजेशीच होती. बर्मिंगहॅमच्या बंदूक बनविणाऱ्या कारागिरांनीं १८६१ सालीं काढलेली बी. एस. ए. कंपनी पुढें मोटारसायकलींसाठीं जगभर नांवाजली. नॉर्टन त्याच शहरांतली. ट्रायंफ शेजारच्या कॉव्हेंट्रीची. आणि आपल्या रस्त्यांवर जिची फटफट ऐकूं येते ती एन्फील्ड जवळच्याच रेडिच गांवची.

या धंद्यानें आग पूर्वीहि पाहिली होती. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं कॉव्हेंट्री जाळली, तींत ट्रायंफचा कारखाना गेला. पांच दिवसांनीं बी. एस. ए.च्या कारखान्यावर बाँब पडून ५३ कामगार ठार झाले. तरीहि १९४२ सालीं मेरिडन येथें ट्रायंफ पुन्हां उभी राहिली. बाँबला जें साधलें नाहीं, तें बाजारानें साधलें. १९६० नंतर जपानी गाड्यांपुढें या कारखान्यांचा टिकाव लागेना. मेरिडनचा कारखाना बंद होणार असें ठरतांच १९७३ सालीं कामगारांनीं तो अडवून धरला, १९७५ पासून सहकारी तत्त्वावर चालविला. पण १९८३ सालीं तोहि थांबला. पुढच्याच वर्षीं, तेथून थोड्याच मैलांवर, संग्रहालयाचें दार उघडलें. एका मावळलेल्या धंद्याचें तें स्मारकच होतें.

१६ सप्टेंबर २००३ या दिवशीं त्या स्मारकाला आग लागली. बाहेर रचलेल्या खोक्यांजवळ कोणीतरी सिगारेटचें थोटुक टाकलें होतें, त्यानें पेट घेतला, असें पुढें चौकशींत ठरलें. आग छपराला लागली आणि पांच दालनांपैकीं तीन दालनें जळून गेलीं. छतांतून आपोआप पाणी फवारणारी योजना तेथें नव्हती. कायद्यानें तशी सक्तीहि नव्हती. आग विझविण्यास सुमारें १२० जवान झटत होते. इतक्यांत संग्रहालयाचे नोकर आणि त्या दिवशीं तेथें सभेसाठीं आलेले पाहुणे पुढें झाले. त्यांनीं माणसांची सांखळी केली आणि ३०० हून अधिक गाड्या बाहेर काढल्या. सुमारें ३८० गाड्या मात्र आंतच राहिल्या.

अल्युमिनियम ६६० अंश उष्णतेला वितळतें. अशा आगींत इंजिनाचें अल्युमिनियमचें कवच पातळ होऊन जमिनीवर ओघळतें, पोलादी सांगाडा वांकतो, आणि रबर, चामडें, रंग यांची राख होते. असे सांगाडे पाहून कोणीहि हात टेकले असते. पण १ डिसेंबर २००४ रोजीं, म्हणजे सवा वर्षाच्या आंत, संग्रहालय पुन्हां उघडलें. सुमारें दोन कोटी पौंड खर्च झाला. त्यांत बारा लाख पौंड पाण्याच्या फवाऱ्यांच्या योजनेसाठीं होते. जळालेल्यांपैकीं १५० हून अधिक गाड्या तोंपर्यंत दुरुस्त होऊन जागेवर आल्या होत्या.

हें शक्य कसें झालें? कारखाने बंद पडले, तरी त्यांची विद्या लोकांनीं टाकली नव्हती. इंग्लंडांत जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांचीं मंडळें आहेत. त्यांतलें एक प्रमुख मंडळ १९४६ सालापासून चालत आलें आहे. जुने नकाशे, पुस्तकें, सुटे भाग हीं मंडळें जपतात. कवच पुन्हां ओतणारा, टाकीवर सोनेरी रेघ हातानें ओढणारा कारागीर तेथें अजून सांपडतो.

आतां कोणी विचारील, अर्धी नवी झालेली गाडी तीच कशी? हा आक्षेप खोटा नाहीं. ज्या कामगारानें मूळ भाग घांसला, त्याच्या हाताची खूण आगीनें पुसली, ती परत यावयाची नाहीं. पण त्याच्या हाताचें कसब दुसऱ्या हातांत उतरलें होतें, म्हणून तर गाडी उभी राहिली. एन्फील्डचेंच पाहा. १९५५ सालीं ती मद्रासेस आली; पुढें विलायतेंतले तिचे कारखाने बंद पडले, आणि बुलेट मात्र मद्रासेंत तयार होत राहिली.

आपल्याकडेहि जुने वाडे, जुनीं वाद्यें, जुनीं यंत्रें पुष्कळ आहेत. त्यांना कुलूप लावावें, विमा उतरावा, पाण्याची सोय करावी, हें सर्व खरेंच. पण तें वाद्य जुळवणारा, तें यंत्र उघडून पुन्हां बसविणारा माणूस आपल्या गांवांत किती वयाचा आहे, आणि त्याच्या शेजारीं बसून कोणी शिकत आहे कीं नाहीं, हेंहि एकदां पाहून यावें. संग्रहाचें खरें रक्षण तेथें होतें.