पोर्टुनुस मंदिर

इटलीतील रोम शहरातील प्राचीन मंदिर. टायबर नदीच्या डाव्या काठी, रीपा विभागात, फोरम बोॲरियम या जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागी ते आहे. प्रजासत्ताक काळातील बहुतेक रोमन मंदिरांचे जोते व दोनचार खांब एवढेच उरले आहे. या मंदिराचे मात्र जोते, भिंती, खांब आणि दर्शनी त्रिकोण जवळजवळ संपूर्ण टिकले आहेत.

पोर्टुनुस हा बंदरांचा व दारांचा देव. फेस्टस या रोमन कोशकाराने त्याच्या हातात किल्ली असल्याचे नोंदविले आहे. तो मूळचा दारांचा रक्षक की धक्क्यांचा, याविषयी मतभेद आहेत. पण बंदरालगतच्या धान्य-कोठारांची कुलपे ध्यानात घेतली, तर हा वाद फारसा ताणण्यात अर्थ नाही. १७ ऑगस्टला त्याचा पोर्टुनालिया हा सण असे. टायबरच्या बंदरातील त्याचे मंदिर याच तिथीस अर्पण झाले, असे रोमन लेखक व्हॅरो सांगतो. त्या दिवशी किल्ल्या अग्नीत धरीत किंवा टाकीत, हे पुष्कळदा छापले जाणारे विधान एका खंडित टीपेवर उभे असल्याने जपून घ्यावे. त्याच्या सेवेस फ्लामेन पोर्टुनालिस हा स्वतंत्र पुजारी होता. या पुजाऱ्याचे एकच काम तपशिलाने ज्ञात आहे आणि तेही दुसऱ्याच देवाचे : राळ फासलेल्या लहानशा भांड्यातील तेल घेऊन तो क्विरिनुस देवाच्या शस्त्रांना माखीत असे. ग्रीक पुराणकथांतील पालाइमोनशी पोर्टुनुसचे ऐक्य मानले गेले आणि त्यामुळे तो मातेर मातूता देवीचा पुत्र ठरला. तिचे मंदिरही जवळच होते. व्हर्जिलच्या ईनिड महाकाव्याच्या पाचव्या सर्गातील नौकाशर्यतीत तो क्लोआन्थसची नाव स्वतःच्या हाताने पुढे ढकलतो. यापलीकडे त्याच्या कथा जवळजवळ नाहीत.

या जागी पूर्वीचे एक मंदिर होते. सध्याची वास्तू सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानतात. उंच जोत्यावर, फक्त समोरून पायऱ्या असलेले, उत्तराभिमुख असे हे आयताकार मंदिर आयोनिक शैलीचे आहे. मुखमंडपाचे सहा खांब सुटे असून गाभाऱ्याच्या भिंतींत बारा अर्धस्तंभ बसविले आहेत. त्यामुळे लांबून पाहणाऱ्यास चारही बाजूंनी खांब असल्यासारखे वाटते आणि आत मात्र गाभाऱ्याला मंदिराची सगळी रुंदी मिळते. सुट्या व कोपऱ्यांवरील खांबांना टिकाऊ ट्रॅव्हर्टाइन, तर भिंती व उरलेल्या अर्धस्तंभांना स्वस्त व मऊ टफ हा ज्वालामुखीय दगड वापरला आहे. सर्वांवर पांढरा गिलावा केला की दगडांतील फरक कोणाला कळत नसे. गिलाव्याचे तुकडे आजही काही ठिकाणी चिकटलेले आहेत. कोपऱ्यावरच्या खांबाच्या शीर्षातील वळणे तिरपी, बाहेर काढलेली आहेत, म्हणजे दर्शनी व बाजूच्या अशा दोन्ही अंगांनी ते सारखेच दिसते. हा बारकावा वास्तुविशारदांना विशेष आवडला. त्यांपैकी पालाद्योने १५७० च्या ग्रंथात या मंदिराची रेखाचित्रे दिली. फ्रान्समधील नीम येथील मेझाँ कारे हे याच पद्धतीचे, पण मोठे व कॉरिंथियन शैलीचे मंदिर.

पालाद्योच्या काळी ते फोर्तूना विरिलिसचे मंदिर म्हणून ओळखले जाई व जुन्या पुस्तकांत अद्याप तेच नाव सापडते. याउलट शेजारचे गोल मंदिर (आता हर्क्युलिसचे मानलेले) काहींनी पोर्टुनुसला दिले होते. रोमन पंचांगांत पोर्टुनुसचे मंदिर एमिलियन पुलापाशी असल्याचे म्हटले आहे, हा सध्याच्या निश्चितीचा मुख्य आधार. १५९८ च्या पुरात निम्माशिम्मा वाहून गेलेला हा पूल आता पोंते रोत्तो (तुटका पूल) म्हणून ओळखला जातो.

नवव्या शतकात, पोप जॉन आठवा (कार. ८७२–८८२) याच्या काळी, मंदिराचे चर्च झाले, इमारत वाचली ती यामुळेच. मुखमंडपाच्या खांबांमध्ये भिंती चढल्या, गाभाऱ्यास खिडक्या पाडल्या गेल्या आणि आतून येशूमाता मेरीच्या जीवनातील प्रसंग रंगविले गेले. पुढे ते इजिप्तच्या संत मेरीच्या नावे झाले व सोळाव्या शतकात आर्मेनियन ख्रिस्ती समाजाकडे गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नंतरची बांधकामे पाडून मंदिर मोकळे करण्यात आले. २००६ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ यादीत समावेश. त्यानंतरच्या जीर्णोद्धारात भित्तिचित्रांचीही डागडुजी झाली.

नदीकाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूरनियंत्रणासाठी उंच तटभिंती झाल्याने मंदिराचा पाण्याशी संबंध तुटला. बंदराचे अवशेष रस्ते व कचेऱ्यांच्या खाली आहेत.