फाइलचा शोध आणि शोधाचा क्रम : 'पीएचपी' भाषेतील 'इन्क्लूड पाथ'चा इतिहास

प्रस्तावना :
बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. या स्थित्यंतरांत दप्तराची भाषा बदलली, लिपी बदलली आणि गावांची नावेही बदलली. आजचे अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई. त्यामुळे जुनी नोंद कोणत्या दप्तरात, कोणत्या नावाखाली व कोणत्या क्रमाने शोधावयाची, हे आधी ठरवावे लागते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हा या प्रश्नाचा संबंध थेट कुटुंबांच्या हक्कांशी आला. संगणकालाही फाइल शोधताना हाच प्रश्न पडतो. वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या 'पीएचपी' या भाषेने त्याचे उत्तर कसे दिले व पुढे ते कसे बदलले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेचा उगम :
शोधमार्गाची कल्पना पीएचपीहून जुनी आहे. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतील बोर्न शेलमध्ये आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधावी, याची यादी 'पाथ' या चलात ठेवली जाई. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये पीएचपीची सुरुवात केली व १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पुढे या भाषेत हीच कल्पना 'इन्क्लूड पाथ' या नावाने रुजली. एखादी फाइल केवळ नावाने मागितली, की यादीतील फोल्डर क्रमाने तपासले जातात आणि पहिली सापडलेली फाइल घेऊन शोध थांबतो. यादीत ती नसल्यास मागणी करणाऱ्या फाइलचे स्वतःचे फोल्डर व चालू फोल्डर पाहिले जाते. तेथेही न मिळाल्यास 'इन्क्लूड' केवळ इशारा देते, तर 'रिक्वायर' कार्यक्रमच थांबवते.

सोयीचा काळ :
ही यादी 'पीएचपी डॉट आयएनआय' या मांडणी-फाइलमध्ये लिहिली जाते. २००२ च्या ४.३ आवृत्तीपासून ती कार्यक्रमातून बदलण्यासाठी स्वतंत्र फंक्शनही मिळाले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'पेअर' या ग्रंथालयाची रचना याच मार्गावर आधारलेली होती. सामायिक फाइली एकदा ठेवल्या, की सर्व कार्यक्रमांना त्या नावाने मिळत. मात्र युनिक्सवर फोल्डरांमध्ये अपूर्णविराम, तर विंडोजवर अर्धविराम लिहावा लागे. एवढ्या फरकानेही एका संगणकावर चालणारे संकेतस्थळ दुसऱ्यावर बंद पडे.

धोक्याची जाणीव :
या पद्धतीतील मूळ उणीव 'पहिली सापडली ती खरी' या गृहीतात आहे. एकाच नावाच्या दोन फाइली असल्यास योग्य कोणती, हे यादी जाणत नाही. क्रम बदलला, की निकाल बदलतो. त्यातच फाइलचे नाव बाहेरून आलेल्या मजकुरावरून ठरत असेल, तर दूरच्या सर्व्हरवरील घातक फाइलही आत येऊ शकत असे. म्हणून २००६ च्या ५.२ आवृत्तीत दूरस्थ फाइल समाविष्ट करण्याची मुभा मुळातच बंद ठेवण्यात आली. २००९ च्या ५.३ आवृत्तीने चालू फाइलच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता देणारा स्थिरांक दिला. पूर्ण पत्ता दिल्यावर यादी पाहण्याचे कारणच उरत नाही. २०१२ मध्ये आलेल्या 'कंपोझर'ने क्लासच्या नावावरून फाइलचा नेमका पत्ता ठरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ केली.

निष्कर्ष :
इन्क्लूड पाथ आजही पीएचपीत आहे, परंतु नव्या कार्यक्रमांची भिस्त त्यावर नाही. 'कोठे तरी सापडेल' येथून 'नेमकी येथे आहे' येथपर्यंतचा हा प्रवास आहे. महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेताना पाने उघडेनाशी झाली, तर फाइल हरवली असे समजण्यापूर्वी शोधमार्ग तपासणे इष्ट ठरते. दप्तराच्या अभ्यासकालाही यातून दोन गोष्टी घेता येतात. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. आणि प्रथम सापडलेली नोंद हीच योग्य नोंद असेल, असेही नव्हे. मोमिनाबादच्या नावाने ठेवलेला कागद अंबाजोगाईच्या नावाने शोधणाऱ्यास मिळणार नाही. म्हणून शोध कोठे व कोणत्या क्रमाने घेतला, याची नोंद ठेवणे हाही शोधाचाच भाग होय.