तीन मिनिटांचा राग आणि लाँग प्ले

हिंदुस्थानी संगीत तबकडीवर आले ते १९०२ साली, कोलकात्यात. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन तेव्हा वापरात नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून खड्या आवाजात गावे लागे आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरी. गाणे संपताच गायिका आपले नाव उच्चारी.

या तबकड्यांना बांधून ठेवणारा घटक लाख हा होता. लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, दगडाची पूड आणि काजळी यांचे मिश्रण तापवून साच्यात दाबले जाई. तबकडी जड होती, हातातून निसटली की फुटे. ती वाजवणाऱ्या यंत्राला चावी द्यावी लागे आणि पोलादी सुई वारंवार बदलावी लागे. पुढे मिनिटाला ७८ फेरे हा वेग रूढ झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे.

या मर्यादेने गाण्याची घडणच बदलली. तासभर चालणारा विलंबित ख्याल तबकडीत बसणे शक्य नव्हते. गायकांनी आलाप आवरता घेतला, मध्यलयीत बंदिश मांडली आणि मोजक्या तानांत रागाचे रूप उभे केले. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी अशाच तबकडीतून घराघरांत पोचली. नाट्यपद आणि भावगीत यांना मात्र हा अवधी मानवला. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे जी. एन. जोशी पुढे एचएमव्ही या तबकडी कंपनीच्या ध्वनिमुद्रण विभागातच अधिकारी झाले.

दुसऱ्या महायुद्धात आशियातून अमेरिकेला होणारा लाखेचा पुरवठा आटला. सैनिकांसाठीच्या तबकड्या तेथे व्हिनाइल या प्लास्टिकच्या निघू लागल्या. व्हिनाइल हलके, न फुटणारे आणि कमी खरखरणारे असते. त्यावर अतिशय बारीक खाचा उमटतात. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याचा उपयोग करून लाँग प्ले तबकडी आणली. बारीक खाचा आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा संथ वेग, यांमुळे बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली.

भारतीय संगीताला ही सवड फार मोलाची ठरली. १९५५ साली अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची लाँग प्ले अमेरिकेत निघाली. १९६० साली अमीर खाँ यांची तबकडी आली : एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. संथ बढत, स्वरांमधला ठेहराव, अतिविलंबित लय, म्हणजे लाखेच्या तबकडीला जे पेलले नव्हते ते सारे तीत उतरले. मैफलीला कधीही न गेलेल्या श्रोत्याला घरबसल्या पूर्ण ख्याल ऐकता आला आणि विद्यार्थ्याला हवा तितक्या वेळा सुई मागे नेऊन तो अभ्यासता आला.

ऐंशीच्या दशकात कॅसेटने तबकडीची बाजारपेठ घेतली. पण विलंबित ख्याल घरोघरी नेण्याचे श्रेय व्हिनाइलच्या लाँग प्लेकडेच जाते.