रेव्हरंड टिळकांची भजने : गायली गेलेली, वाचायची राहिलेली

मराठी कविता शिकताना नारायण वामन टिळक आपल्याला भेटतात ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. 'केवढे हे क्रौर्य'मधली जखमी पक्षीण, 'वनवासी फूल', फार तर बालकवींना घरात आणि काव्यात आधार देणारा वडीलधारा कवी. एवढ्यावर आपला पाठ संपतो. दुसरीकडे, मराठी मंडळींच्या उपासनेत त्याच टिळकांची भजने पेटी-तबल्यावर आणि टाळांच्या गजरात शंभरहून अधिक वर्षे गायली जात आहेत. वर्गातल्या टिळकांना गळा नाही आणि मंदिरातल्या टिळकांना वाङ्मयेतिहासात जागा नाही. एकाच कवीची ही वाटणी कशी झाली आणि तिने आपले काय नुकसान केले, याचा विचार आम्हांला येथे करायचा आहे.

या विचाराची सुरुवात नागपुरातून करणे योग्य ठरेल. ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातल्या करजगावी जन्मलेले टिळक भटक्या वृत्तीचे होते. एका गावी, एका नोकरीत त्यांचा पाय फार काळ ठरत नसे. नागपुराशी मात्र त्यांचे नाते महत्त्वाचे आहे. केशवसुतांशी त्यांचा परिचय झाला तो येथेच. १८९१च्या सुमारास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी येथे केले. बुटींचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि टिळकांची ज्ञानाची भूकही तशीच होती. हिंदू धर्माच्या चर्चेला वाहिलेले 'ऋषि' नावाचे मासिक त्यांनी याच काळात काही दिवस चालवले. म्हणजे नागपूरचे टिळक हे स्वधर्माची चिकित्सा आतून करू पाहणारे शास्त्री होते. पुढच्या भजनकाराची भाषा कोठून आली, हे समजून घ्यायचे तर या शास्त्र्याला विसरून चालणार नाही.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वेने निघाले. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले आणि उतरण्यापूर्वी वॉर्ड यांनी त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी वाचकाला या प्रवासाची दुसरी बाजूही ठाऊक आहे : नवऱ्याच्या मनात काय चालले आहे हे न कळता घर सांभाळणारी बायको, आणि मग एक दिवस येऊन आदळलेली बातमी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. टिळकांच्या भजनांतली विरहाची आर्तता केवळ परंपरेतून उसनी घेतलेली नव्हती, असे म्हणायला या वर्षांत पुरेसा आधार आहे.

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) वास्तव्यात टिळकांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो धर्माचा जितका, तितकाच छंदाचा होता. मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर इंग्रजी गीतांची भाषांतरे मोठ्या प्रमाणावर होती आणि ती मूळ चालींवर बसवलेली असत. इंग्रजी उपासनागीताची एक नेहमीची बांधणी आठ-सहा-आठ-सहा अवयवांची. तिची चाल शब्दातल्या आघातावर उभी असते. मराठीत तसा ठसठशीत आघात नाही. येथे लय येते ती ऱ्हस्वदीर्घांतून, अक्षरसंख्येतून आणि स्वर लांबवण्याच्या मोकळिकीतून. परक्या चालीवर मराठी शब्द चढवले की जोर नेमका 'ला', 'ने', 'चा' अशा प्रत्ययांवर पडतो आणि नाम बिचारे मागे राहते. अर्थ बरोबर असूनही भाषा परकी वाटते, ती यामुळे. शब्द देशी असले म्हणून गाणे देशी होत नाही.

टिळकांनी याचे उत्तर अभंगात आणि पदात शोधले. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक आणि शेवटचा तोकडा चरण हे रूप गाणाऱ्यांच्या समुदायासाठी घडलेले आहे. चौथा चरण आखूड असल्याने श्वास घ्यायला, टाळ वाजवायला आणि ध्रुपदाकडे परतायला जागा मिळते. एकाने चरण म्हणावा, सर्वांनी ध्रुपद उचलावे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही दुसऱ्या आवर्तनात सामील होता यावे. मिशनच्या मंडळींत गावखेड्यांतून आलेले, अक्षरओळख नसलेले पुष्कळ लोक होते. त्यांना पुस्तकापेक्षा ध्रुपदाचा आधार अधिक होता. हे काम टिळकांनी एकट्याने केले असे मात्र नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगरातच ख्रिस्ती कीर्तनाची आणि पदरचनेची वाट पाडली होती. आणखी मागे गेलो तर १६१६ साली गोव्यात छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' आहेच. टिळकांचे वेगळेपण हे की त्यांनी छंदाबरोबर त्या छंदातला भावही घेतला. ख्रिस्ताला 'माउली' म्हणताना ते केवळ शब्द बदलत नव्हते. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ही त्यांची भूमिका होती, आणि त्यांची भजने हा तिचा पुरावा आहे.

आज आपण गायकाची कारकीर्द त्याच्या ध्वनिमुद्रिकांवरून मोजतो. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. टिळक त्यानंतर सतरा वर्षे हयात होते. पण त्यांची भजने पसरली ती तबकडीवाचून. 'उपासना संगीत'सारख्या पुस्तकांनी शब्द जपले. चाली मात्र तोंडोतोंडी गेल्या. त्यामुळे एकच भजन एका गावी संथ, दुसऱ्या गावी द्रुत ऐकू येते. पुढे कॅसेट आली तेव्हा तिने एखादी चाल 'खरी' ठरवली आणि बाकीच्या मागे पडू लागल्या. वारकरी अभंगांच्या बाबतीतही हेच झाले, हे जाणकारांना सांगायला नको. जे काव्य समुदायाच्या गळ्यासाठी लिहिले गेले त्याची एकच अधिकृत प्रत शोधणे मुळातच चुकीचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही भजने वाङ्मयाच्या इतिहासात का नाहीत? एक उत्तर असे दिले जाते की ती प्रचारासाठी लिहिली गेली. हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. हेतू धार्मिक आहे म्हणून काव्य बाद करायचे, तर संतवाङ्मयाचे काय करणार? दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे : सगळी भजने सारख्या योग्यतेची नाहीत. हे खरे आहे. अनेक रचनांत उपदेश रसावर मात करतो, काहींत प्रतिमा ठरावीक होऊन बसतात. पण निवड करायची तर आधी वाचावे लागते, आणि आपण तेच केलेले नाही. खरे कारण बहुधा असे की धर्मांतरित टिळकांना स्वीकारताना मराठी अभिरुचीने त्यांच्यातला निरुपद्रवी भाग उचलला. फुलांना आणि मुलांना धर्म नसतो, भजनांना असतो.

याची भरपाई उलट्या बाजूनेही झालेली नाही. भजन गाणाऱ्या मंडळींत निसर्गकवी टिळक, १९०७ साली जळगावला भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात पुढाकार घेणारे टिळक, 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळणारे टिळक फारसे पोहोचले नाहीत. शेवटच्या काळात मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव रमेना. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही एकत्र बसता यावे म्हणून. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. नवऱ्याच्या धर्मांतराने एकेकाळी उन्मळून पडलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. दोन टिळकांना जोडण्याचे काम सर्वांत आधी त्यांनीच केले, असे म्हणता येईल.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा चर्चप्रवाहांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना केली, ती नागपुरातच. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत सामील झाले होते तिची परंपराही त्या एकीत आली. ज्या शहरातून एक अस्वस्थ शास्त्री गाडीत बसून निघाला होता, त्याच शहरात त्याची भजने अशा रीतीने पुन्हा आली. चर्चची एकी झाली. कवीची अजून व्हायची आहे. त्यासाठी फार काही लागत नाही. 'केवढे हे क्रौर्य' शिकवण्याच्या तासाला टिळकांचे एखादे भजनही फळ्यावर लिहावे, त्याची अक्षरे मोजावीत, आणि शक्य झाल्यास वर्गाला ते गाऊ द्यावे. पक्षिणीसाठी कळवळणारा आवाज आणि माउलीला हाक मारणारा आवाज एकच आहे, हे मग विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.