पाश्चरची कापसात गुंडाळलेली द्राक्षं

द्राक्षं चुरडून एखाद्या भांड्यात झाकून ठेवली की दोन-तीन दिवसांत ती आपोआप फसफसू लागतात. दुधाला विरजण लावावं लागतं. द्राक्षाला कुणी काही लावत नाही. मग हे विरजण येतं कुठून? मंडळी, आज लिहायचं आहे ते या एवढ्याशा प्रश्नावरून झालेल्या एका भांडणाबद्दल. भांडण फ्रान्समधलं, साल १८७८. आणि त्यातला एक पक्ष भांडण सुरू होण्याआधीच वारलेला!

(मी मराठी माध्यमातला बी.ए. झालेला मास्तर. त्यामुळे रसायनशास्त्र बेताचंच घेऊ. द्राक्षरसातली साखर यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी खाते, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. पाठ्यपुस्तकात याला किण्वन म्हणतात. 'आंबणे' हा घरचा शब्द मला जवळचा, पण त्यात आंबटपणा येतो, आणि वाईन आंबट झाली की ती वाईन राहत नाही, तिचं व्हिनेगर होतं. तेव्हा किण्वनच बरं.)

यीस्ट सजीव आहे आणि तेच हे काम करतं, असं १८३० च्या दशकात काही जणांनी सांगितलं तेव्हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग आणि व्योलर यांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. १८३९ मध्ये त्यांच्या नियतकालिकात एक निनावी विनोदी लेख आला. त्यात यीस्ट म्हणजे साखर खाणारे छोटे प्राणी दाखवले होते, आणि त्यांचं मूत्राशय शॅम्पेनच्या बाटलीच्या आकाराचं! एवढ्या मोठ्या माणसांची ही करमणूक.

लुई पाश्चरने १८५७ पासून एकेक प्रयोग करत ही थट्टा थांबवली. तो वाढला आर्ब्वा गावात, द्राक्षमळ्यांच्या मुलखात. वडील कातडी कमावणारे. त्याचं म्हणणं पक्कं झालं होतं, जिवंत यीस्ट नाही तर किण्वन नाही.

क्लोद बर्नार हा त्याचा मित्र, शरीरक्रियाशास्त्रातला तेव्हाचा सर्वांत मोठा माणूस. तोही द्राक्षमळेवाल्याचाच मुलगा, बोजोलेतला. फेब्रुवारी १८७८ मध्ये तो गेला. सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. आदल्या शरद ऋतूत त्याने गावच्या घरी द्राक्षांवर गुपचूप काही प्रयोग केले होते, त्याची टिपणं मागे राहिली. ती जुलैमध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोने छापून टाकली. त्यांत बर्नारने लिहिलेलं होतं की यीस्टशिवायसुद्धा अल्कोहोल तयार होतं, रसातच तसं द्रव्य असतं.

पाश्चरच्या वीस वर्षांच्या कामावर हा घाव होता, आणि तोही मित्राच्या हातचा. मला विचाराल तर दोष बर्थेलोचा. माणसाने स्वतःसाठी खरडलेली, न तपासलेली टिपणं त्याच्यामागे अशी चव्हाट्यावर आणू नयेत. पण आता उत्तर देणं पाश्चरला भागच होतं. मेलेल्याशी वाद कसा घालणार? त्याने वाद प्रयोगाने घातला.

कच्च्या द्राक्षांवर यीस्ट नसतं, फळ पिकताना ते येतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच त्याने आर्ब्वाजवळच्या आपल्या मळ्यात काही वेलींवर काचघरं उभारली. आतले काही घड वर कापसात गुंडाळले. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता, दहा वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने डावं अंग अधू झालेलं. ऑक्टोबरात द्राक्षं पिकली. उघड्यावरची चुरडली तर एक-दोन दिवसांत फसफसली. काचघरातल्या कापसाखालच्या द्राक्षांचा रस मात्र ढिम्म. तोच घड कापूस काढून बाहेर उघड्यावर टांगला, की त्याचा रस पुन्हा फसफसायला मोकळा.

त्यातले काही घड त्याने पॅरिसला नेले, अकादमीत दाखवायला. कापूस सरकू नये म्हणून त्याच्या पत्नीने आणि मुलीने ते आगगाडीत सगळा प्रवासभर हातात उभे धरले होते. विज्ञानाच्या इतिहासात या दोघींच्या दुखलेल्या हातांची नोंद कुणी ठळकपणे करत नाही, म्हणून इथे करतो.

पाश्चर जिंकला. पण गोष्ट इथे संपत नाही. तो १८९५ मध्ये गेला आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीत एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढला. एकही जिवंत पेशी नाही. तो रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली (आपण मुरांब्यात घालतो तशीच!) तर बुडबुडे येऊ लागले. पेशीच्या आतलं द्रव्यच किण्वन करत होतं. त्याने त्याला झायमेज म्हटलं, आणि १९०७ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे ते द्रव्य असतं हे बर्नारचं खरं, आणि ते यीस्टशिवाय तयार होत नाही हे पाश्चरचं खरं. दोघंही हयात असते तर काय बोलले असते, याची मी पुष्कळदा कल्पना करतो.

आणि विरजण येतं कुठून? अलीकडे कळलं की वाईनचं नेहमीचं यीस्ट न फुटलेल्या मण्यावर फारच विरळा सापडतं, फुटलेल्या मण्यावर मात्र बरंच. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की गांधीलमाश्यांच्या आतड्यात ते हिवाळाभर जिवंत राहतं आणि त्यांच्या अळ्यांकडेही जातं. माशी मणी फोडते आणि विरजण लावून जाते. पाश्चरच्या कापसाने वाऱ्याबरोबर हीसुद्धा अडवली असणार.

आपले वैद्य द्राक्षासव करताना द्राक्षाच्या भरवशावर राहत नाहीत. ते त्यात धायटीची फुलं टाकतात. त्या लाल फुलांबरोबर यीस्ट येतं.